पंपाच्या पेटीतला मेन स्विच : खरेदीपूर्वी थोडा विचार व्हावा

– ऊस विकास अधिकारी



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते, खोडवा आणि हुमणी यांबद्दल लिहीत असतो. या वेळी विषय विजेचा आहे. तेव्हा 'उसाच्या साहेबाला ह्या उठाठेवी कुणी सांगितल्यात?' असे काही जण विचारतील. खुशाल विचारावे. आमची पदविका शेतीची आहे, तारांची नाही. परंतु उसाला पाणी देते मोटार, आणि मोटारीला वीज मिळते ती एका पत्र्याच्या पेटीतून. ऐन उन्हाळ्यात ताण बसलेला प्लॉट दिसला आणि कारण विचारले, तर नदीत पाणी नव्हते असे उत्तर क्वचित मिळते. मोटार जळाली, पेटी जळाली, फेज गेला, वायरमन मिळेना, हीच उत्तरे फार. म्हणून त्या पेटीकडे बघणे आमच्याच कामात मोडते असे आम्ही समजतो. लिहायला बसण्यापूर्वी कारखान्याच्या विद्युत विभागातील जाणत्या मंडळींबरोबर बैठका करून तांत्रिक बाजू तपासून घेतली आहे. मते मात्र आमची आहेत; त्यांचा दोष विद्युत विभागाला देऊ नये.

निमित्त असे झाले. आपल्या कार्यक्षेत्रातील काही पाणीपुरवठा संस्था जॅकवेलवर नवीन पॅनेल बसवणार आहेत. त्यांपैकी एका संस्थेने दर मागवण्यासाठी काढलेले पत्र आमच्या पाहण्यात आले. मोटारीबद्दल पाऊण पान लिहिले होते. केबलची लांबी-जाडी होती, स्टार्टरची जात होती, पत्र्याचा गेज होता, रंगसुद्धा होता. आणि मेन स्विचबद्दल एकच ओळ : 'मेन स्विच, चांगल्या प्रतीचा, ३१५ अँपिअर, एक नग.' आता चांगल्या प्रतीचा म्हणजे काय? बेणे घेताना आपण 'ऊस, चांगल्या प्रतीचा, एक ट्रॉली' असे म्हणतो का? ८६०३२ का २६५, किती महिन्यांचा मळा, डोळे फुगलेत का, गवताळ वाढ दिसते का, हे सारे बांधावर उभे राहून विचारतो आणि मग पैसे मोजतो. मेन स्विचच्या बाबतीत मात्र दुकानदार पुढे सरकवील तो आपला. सर्वांत स्वस्त दर आला, ठराव झाला, चहा झाला, सभा संपली.

त्या एका ओळीबद्दल आम्हाला लिहायचे आहे.

मेन स्विचची कामे दोन आहेत, आणि ती एकमेकांपासून वेगळी आहेत. पहिले काम, चालू असलेला भार जोडणे आणि तोडणे. दुसरे काम, तोडल्यानंतर वीज पुढे गेली नाही याची खात्री देणे, म्हणजे पुढे माणसाने हात घातला तर तो घरी परत जावा. बाजारात या दोन कामांप्रमाणे तीन जाती मिळतात. एक नुसता आयसोलेटर. तो उघडला की मधे भरपूर अंतर पडते आणि खात्री मिळते, पण चालू भारावर तो ओढायचा नसतो. ओढला तर ठिणगीचा लोळ उठतो. दुसरा नुसता लोड स्विच. तो चालू भार तोडतो, पण आतल्या अंतराची खात्री देण्यासाठी त्याची घडण आणि तपासणी झालेली नसते. तिसऱ्यात दोन्ही गुण एकत्र असतात. त्याला स्विच डिस्कनेक्टर म्हणतात. आतच फ्यूज बसवलेला असला की तो स्विच डिस्कनेक्टर फ्यूज युनिट झाला. आपल्याला लागतो तो हा तिसऱ्या जातीचा. दुकानात तिन्हींना 'मेन स्विच' किंवा 'आयसोलेटर' असेच म्हणतात, सारा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

ओळखायचा कसा? अंगावरच्या पट्टीवर एक छोटी आकृती छापलेली असते. उघड्या दारासारखी तिरकी रेघ, आणि ती जिथे टेकायची तिथे खूण. आडवी दांडी असेल तर वीज खात्रीने तुटते. छोटा गोल असेल तर चालू भार तोडता येतो. दांडी आणि गोल दोन्ही असतील तर तो स्विच डिस्कनेक्टर. वाचता न येणाऱ्यालाही ही खूण ओळखता येईल. आकृतीच नसेल, नुसते कंपनीचे नाव आणि अँपिअरचा आकडा असेल, तर तो नग परत करावा.

आता अँपिअरच्या आकड्याकडे येऊ, कारण लोक फसतात ते इथे. तीन फेजच्या मोटारीला ४१५ व्होल्टवर एका हॉर्सपॉवरमागे साधारण दीड अँपिअरच्या आत-बाहेर प्रवाह लागतो. म्हणजे पाच हॉर्सपॉवरला साडेसात, दहाला चौदा-पंधरा, पन्नासला सत्तरच्या आसपास. हा हिशेब गावातला पोरगाही सांगतो. पुढे तो म्हणतो, 'पंधरा अँपिअर लागतंय, बत्तीसचा स्विच घेतला, दुप्पट झाला, अजून काय पाहिजे?' पण मोटार हा सरळ भार नव्हे. सुरू होताना थेट लावलेली मोटार नेहमीच्या सहापट प्रवाह ओढते. दहा हॉर्सपॉवरची मोटार सुरुवातीला नव्वद अँपिअर मागते. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर हा झटका एक-तृतीयांशावर येतो. पण पंपात गाळ किंवा फांदी अडकून मोटार जागच्या जागी घुमत राहिली, तर तो मोठा प्रवाह चालूच राहतो. अशा वेळी स्टार्टरचा ओव्हरलोड रिले काही सेकंदांनी मोटार पाडील. तेवढा धीर कुणाला असतो? मोटार गुरगुरायला लागली की माणूस धावत जातो आणि मेन स्विच ओढतो. त्या घडीला त्या बत्तीसच्या स्विचला नव्वद अँपिअर तोडायचे असतात, आणि तेही कॉइलच्या भाराचे.

कॉइलच्या भाराचे म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखे आहे. स्विच उघडताना दोन पात्यांमध्ये ठिणगी पेटते. आपल्याकडची वीज एका सेकंदात शंभर वेळा शून्यावर येते. त्या शून्याच्या क्षणी ठिणगी विझते, आणि पाती तोवर पुरेशी दूर गेलेली असली तर विझलेलीच राहते. शेगडीसारख्या साध्या भाराला हे सोपे जाते, कारण प्रवाह शून्य होतो तेव्हा दाबही शून्याच्या जवळ असतो. मोटारीचे तसे नाही. तिचा प्रवाह दाबाच्या मागे राहतो. प्रवाह शून्यावर आला तरी दाब चढलेला असतो, आणि विझलेली ठिणगी तो पुन्हा पेटवतो. म्हणून शेगडी तोडणारा स्विच मोटार तोडू शकेलच असे नाही, मग आकडा दोघांवर एकच का असेना.

हाच फरक दाखवण्यासाठी 'आयएस/आयईसी ६०९४७ भाग ३' या भारतीय मानकात वर्ग पाडले आहेत. एसी-२० म्हणजे भार नसतानाच उघडझाप करावी. एसी-२१ साध्या भारासाठी, एसी-२२ मिश्र भारासाठी आणि एसी-२३ मोटारीसाठी. एसी-२१ च्या स्विचला तपासणीत छापील अँपिअरच्या दीडपट प्रवाह जोडून-तोडून दाखवावा लागतो, एसी-२२ ला तिप्पट. एसी-२३ ला दहापट जोडावा आणि आठपट तोडावा लागतो. दीडपट कुठे आणि आठपट कुठे! शेवटी 'ए' किंवा 'बी' हे अक्षर असते. 'ए' रोजच्या उघडझापीसाठी, 'बी' क्वचित हात लागणाऱ्या जागेसाठी. तेव्हा मागायचे ते एसी-२३ए. आणखी एक खाच-खळगा सांगतो. एकाच स्विचवर वर्गाप्रमाणे निरनिराळे आकडे असू शकतात. एसी-२१ ला ६३ आणि एसी-२३ ला त्याहून बराच कमी. मोठा आकडा ठळक अक्षरांत, लहान आकडा बारीक अक्षरांत. दुकानदार ठळक वाचून दाखवतो. आपण बारीक वाचावे.

स्विच हाताच्या वेगावर चालणारा नसावा, हेही पाहावे. जुन्या चाकूच्या स्विचमध्ये म्हाताऱ्याने हळू ओढला तर हळू उघडायचा, तरुणाने हिसडा दिला तर झटकन. चांगल्या स्विचमध्ये आत स्प्रिंग असते. मूठ ठरावीक जागेपुढे गेली की पाती स्प्रिंगच्या जोराने सुटतात, मूठ कुणाच्याही हातात असो. दुकानात हातात घेऊन अगदी हळू फिरवून पाहावा. 'खट्' असा एकदम आवाज आला पाहिजे.

आता दुसऱ्या कामाबद्दल, आणि हे आमच्या मते पहिल्याहून मोठे. आमच्याच एका गटात गेल्या उन्हाळ्यात जे घडले ते अनेकांना ठाऊक आहे. मोटार अडकली म्हणून स्टार्टरचे लाल बटण दाबले आणि एक तरुण सभासद कपलिंग मोकळे करायला बसला. वीज तेवढ्यात गेली. पेटीत ऑटो स्विच होता. रात्रीची पाळी, अंधार, वीज परत आली आणि मोटार आपली आपण फिरली. त्याची उजव्या हाताची दोन बोटे गेली. माणूस वाचला म्हणून सगळ्यांनी देवाचे आभार मानले, आणि पेटी होती तशीच राहिली. पेटीत मेन स्विच होता का? होता. त्याची मूठ वर्षापूर्वी तुटली होती, म्हणून तो कायमचा चालू ठेवला होता.

स्टार्टरचे बटण म्हणजे वीज बंद नव्हे. ते फक्त मोटारीला 'थांब' म्हणते. वीज स्टार्टरच्या वरच्या स्क्रूपर्यंत आलेली असतेच, आणि ऑटो किंवा मोबाईलवरचा स्टार्टर असला तर 'चल' म्हणणारा दुसराच कुणीतरी असतो. तो आपला भाऊ असेल, चार मैलांवर लग्नात बसलेला. त्याला काय माहीत विहिरीत कोण उतरले आहे ते?

कारखान्यात गव्हाणीच्या मोटारीवर काम करायचे झाले तर आधी परमिट निघते, मेन स्विच बंद होतो, त्याला कुलूप लागते आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात राहते. दोघे काम करत असतील तर कुलपे दोन. शेवटचे कुलूप निघेपर्यंत मोटार फिरत नाही, मग गाळप थांबलेले असो. आमचे म्हणणे इतकेच की कारखान्याच्या कामगाराच्या बोटांना जी किंमत आहे तीच सभासदाच्या बोटांना असावी. म्हणून मेन स्विचच्या मुठीला बंद स्थितीत कुलूप घालण्याची सोय असलीच पाहिजे. चांगल्या स्विच डिस्कनेक्टरची आणखी एक खुबी आहे. आतली पाती वितळून चिकटली असतील, तर मूठ 'बंद' या खुणेवर नीट बसत नाही आणि कुलूप लागत नाही. म्हणजे कुलूप लागले हीच पाती सुटल्याची एक साक्ष. हलक्या मालात मूठ 'बंद' दाखवते आणि आत वीज चालू असते. असला स्विच नसलेला परवडला, कारण नसलेल्यावर कुणी विश्वास तरी टाकत नाही. एवढे करूनही हात घालण्यापूर्वी तीनही फेजवर टेस्टर लावून पाहावे. कपॅसिटर बसवलेला असेल तर वीज तोडल्यावरही त्यात भार शिल्लक राहतो. काही मिनिटे थांबून, तपासून मगच पुढे जावे.

आपल्याकडे पुष्कळ विहिरींवर मेन स्विच नावाला सुद्धा नाही; चिनीमातीची तीन किटकॅट आहेत, आणि वीज तोडायची म्हणजे ती एकेक करून उपसायची. पहिले उपसले की मोटार दोन फेजवर, आणि हातात ठिणगी. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून ग्राहकाच्या जागेत वीज येते तिथे लिंक्ड स्विच किंवा सर्किट ब्रेकर हवा असे सांगितलेले आहे. लिंक्ड म्हणजे सगळे फेज एकदम तोडणारा. पुढे त्या नियमांच्या जागी २०१० चे विनियम आले, आणि त्यांच्या जागी २०२३ चे. तत्त्व बदललेले नाही. बोर्डाचा माणूस येऊन बघत नाही म्हणून आपण चालवून घेतो. (मंडळ २००५ साली मोडले आणि महावितरण झाली, तरी आपल्या तोंडी अजून बोर्डच आहे; असो.)

फ्यूजबद्दल थोडे. स्विच डिस्कनेक्टर स्वतःहून पडत नाही. शॉर्ट झाला तर तोडायचे काम फ्यूजचे किंवा एमसीसीबीचे. १०० केव्हीएच्या ट्रान्स्फॉर्मरखाली अगदी जवळ शॉर्ट झाला तर प्रवाह तीन हजार अँपिअरच्या घरात जातो. ६३ केव्हीएखाली दोन हजारांच्या आत राहतो, आणि लांब तारेच्या टोकाला आणखी कमी. म्हणून शेतातल्या किटकॅटवर आजवर भागले. पण उपसा योजनेला स्वतःचा ३१५ केव्हीएचा ट्रान्स्फॉर्मर असेल तर हाच आकडा आठ-नऊ हजारांवर जातो, आणि कारखान्यात दोन हजार केव्हीएखाली चाळीस हजारांवर. त्या ठिकाणी तारेचा फ्यूज फुटतो तो फटाक्यासारखा. तिथे एचआरसी फ्यूजच हवा, आणि तोही स्विच बनवणाऱ्याने त्या स्विचसाठी सांगितलेल्या मापाच्या आत. स्विचची शॉर्ट सोसण्याची हमी त्या मापाच्या फ्यूजसह दिलेली असते. फ्यूज उडाला म्हणून मोठा घातला, किंवा तांब्याची तार पिळून घातली, की हमी संपली. 'साहेब, तार घातल्यापासून एकदा पण फ्यूज गेला नाही बघा,' असे आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. बरोबर आहे. आता जाईल ती मोटार.

एमसीसीबी घेतला तर मेन स्विच लागतो का, असा प्रश्न विद्युत विभागाला आम्हीही केला. उत्तर असे की एमसीसीबीच्या अंगावर आडव्या दांडीची खूण असेल आणि कुलपाची सोय असेल तर मुख्य जागी तो चालतो. खूण नसेल तर त्याच्याबरोबर स्विच डिस्कनेक्टर लागतो. मोठ्या पॅनेलमध्ये प्रत्येक मोटारीला स्वतंत्र स्विच डिस्कनेक्टर असावा हे मात्र आमचे आग्रहाचे मत आहे. नाहीतर एका पंपाची दुरुस्ती निघाली की तीनही पंप बंद, आणि पाळी असलेले सभासद दारात. मग वायरमनवर दबाव येतो, 'चालू ठेवूनच कर की लेका!' त्या दबावाखाली माणसे मरतात.

माप काढताना आणखी दोन गोष्टी धराव्यात. एक ऊन. स्विचचा छापील आकडा साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी असतो. आपली पेटी पत्र्याच्या खोलीत, मे महिन्यात, बंद दाराआड. आत किती होत असेल हे हात लावून कळते. म्हणून पन्नास हॉर्सपॉवरच्या तीन मोटारींना दोनशे दहा अँपिअर लागत असतील तर २५० वर समाधान मानू नये, ३१५ घ्यावा. त्या संस्थेने ३१५ लिहिले होते ते योग्यच होते. अपुरे होते ते पुढचे. दुसरी गोष्ट जोड. ॲल्युमिनियमची केबल सोलून, पिळून स्क्रूखाली दाबली की ती काही महिन्यांत सैल होते, जोड तापतो, आणि दोष मात्र स्विचवर येतो. योग्य मापाचे लग यंत्राने दाबून बसवावेत. स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूचे टोक जिवंतच असते. त्यावर आडपडदा हवा, आणि त्या टोकावर काम असेल तर लाईनमनला बोलावून डीओ पाडल्याशिवाय हात लावू नये. डीओ आपण स्वतः पाडायचा नाही. आकड्याच्या काठीने तो पाडणारे बहाद्दर गावोगाव आहेत, त्यांच्या बायका-पोरांना विचारून बघा.

पेटीबद्दल फार लिहीत नाही. धूळ आणि शिंतोडे अडवणारी, आयपी-५४ किंवा वरची घ्यावी. दार मुठीला जोडलेले असावे, म्हणजे स्विच चालू असताना दार उघडणार नाही. पाल आणि मुंग्या शिरू नयेत म्हणून केबलच्या भोकांना ग्लँड बसवावेत. शॉर्टपैकी पुष्कळ पालींच्या नावावर जमा आहेत.

नदीकाठच्या सभासदांना पुराचे सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ साली पंचगंगा-कृष्णेच्या काठच्या कितीतरी पेट्या पाण्याखाली गेल्या. नंतर आम्ही पाहिले, स्विच पाण्याने धुऊन बांधावर उन्हात मांडले होते, कुरडया वाळत घालाव्यात तसे. मोटार भट्टीत वाळवून, तपासून पुन्हा चालवता येते. पुरात बुडालेला स्विच आणि फ्यूज यांचे तसे नाही. स्प्रिंगमध्ये आणि पात्यांमागे बसलेली रेव निघत नाही, आणि गरजेच्या क्षणी तो अर्ध्यातच अडकतो. तो टाकूनच द्यावा. नवे पॅनेल बसवताना २०१९ ची पाण्याची रेघ कुठवर होती हे भिंतीवर बघून त्याच्या वर चौथरा बांधावा. तेवढी उंची शक्य नसेल तर पॅनेल चार बोल्टवर सुटून वर नेता येईल असे करून घ्यावे.

सौर पंपवाल्यांसाठी वेगळी सूचना. २०१९ च्या पीएम-कुसुम योजनेपासून आपल्या भागातही सौर पंप आले. पॅनेलकडून येणारी वीज डीसी असते. वर आम्ही सांगितले की ठिणगी शून्याच्या क्षणी विझते. डीसीला शून्यच नाही. साध्या एसी स्विचने ती तोडायला गेलात तर ठिणगी लांबत जाते आणि स्विच पेटतो. तिथे डीसीसाठीच केलेला, सौर वर्गाचा स्विच डिस्कनेक्टर लागतो. मूळचा बिघडला तर गावातल्या दुकानातून कुठलातरी आणून बसवू नये.

आता खर्चाचे. आम्ही हे बोलायला लागलो की लगेच, 'साहेबांना काय जातंय, पैसे आमच्या उसाच्या बिलातून कापतात.' हे खरे आहे, आणि हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. ऊस घालायचा, हप्त्याची वाट बघायची, त्यातून सोसायटी, पाणीपट्टी, तोडणीवाल्यांची एंट्री जायची, आणि राहिलेल्यात पुन्हा संस्थेची वर्गणी. चांगला स्विच डिस्कनेक्टर हलक्या स्विचपेक्षा महाग पडतो हे लपवण्यात अर्थ नाही. पण संबंध पॅनेल, मोटार, केबल आणि पाईपलाईन यांच्या खर्चात तो फरक शेकडो सभासदांवर वाटला तर कुणाच्या बिलात डोळ्यांत भरेल असे आम्हाला वाटत नाही. उलट बाजू पाहा. एप्रिल-मेमध्ये पॅनेल जळाले, दुरुस्तीला पंधरा दिवस गेले, तर आडसालीच्या कांड्या आखूड राहतात, सुरू लागण फुटव्यातच थांबते. ती झीज पुढच्या पाण्याने भरून निघत नाही. आणि हे झाले उसाचे. बोटांचे आणि जिवांचे बिल आम्ही मांडत नाही.

आमची सूचना अशी. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे विषय आला तर सन्माननीय संचालक मंडळाने असा विचार करावा, की पाणीपुरवठा संस्थांना कारखान्यामार्फत जिथे उचल किंवा हमी दिली जाते, तिथे पॅनेलचे दरपत्रक विद्युत विभागाने पाहिल्यावरच रक्कम सुटावी. काही संस्थांचे पदाधिकारी याला कारखान्याची ढवळाढवळ म्हणतील. एकाने म्हटलेही आहे. संस्था स्वायत्त आहे हे मान्य. पण त्या पॅनेलवर रात्री बारा वाजता जाणारा माणूस तिचा सभासद आहे तसा आमचाही आहे. दुसरे, ऑटो स्विच लावूच नये असे आम्ही म्हणत नाही. रात्रीच्या पाळीत तीन वेळा वीज जाते, माणसाने किती वेळा उठावे? ज्यांच्या शिवारात दिवसा वीज येऊ लागली आहे त्यांना ही अडचण कमी, बाकीच्यांना आहेच. ऑटो ठेवा, पण कुलपाच्या मेन स्विचशिवाय ठेवू नका.

त्या दरपत्रकातल्या एका ओळीच्या जागी आता पुढील मजकूर लिहावा असे विद्युत विभागाने सुचवले आहे : 'स्विच डिस्कनेक्टर फ्यूज युनिट, तीन पोल, ४१५ व्होल्ट, ३१५ अँपिअर एसी-२३ए, आयएस/आयईसी ६०९४७ भाग ३ प्रमाणे, एचआरसी फ्यूजसह, हाताच्या वेगावर अवलंबून नसलेली यंत्रणा, बंद स्थितीत कुलूप घालता येणारी मूठ, दाराशी इंटरलॉक, येणाऱ्या टोकांवर आडपडदा, तपासणीच्या दाखल्याची प्रत जोडावी.' आकडा ज्याने त्याने आपल्या मोटारीप्रमाणे बदलावा. पाच-दहा हॉर्सपॉवरच्या विहिरीसाठीही हाच मजकूर, फक्त लहान आकड्याने, दुकानदाराच्या हातात द्यावा. त्याने 'एवढं कशाला?' म्हटले तर दुसरे दुकान पाहावे.

हा मजकूर मोठ्या अक्षरांत छापून सर्व गट कार्यालयांत लावला आहे. ज्यांना आपल्या पेटीतला स्विच कोणत्या वर्गाचा हे कळत नसेल त्यांनी त्याच्या पट्टीचा मोबाईलवर फोटो काढून गट कार्यालयात दाखवावा. फोटो काढताना पेटीत हात घालू नये. मूठ तुटलेली असेल तर आधी ती बदलून घ्यावी, फोटो नंतर.